लाल राहिलं तर थांबा

वसमत तालुक्यातल्या गिरगावची केळी ट्रकमध्ये चढते, तेव्हा व्यापारी घडाची जाडी बघतो, साल बघतो. शेवटची फवारणी कधी झाली, हे सालीवर लिहिलेलं नसतं.

तपासणीची पक्की सोय पुण्याजवळ मांजरीला आहे. तिथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कीडनाशक अवशेषांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. फळाचा लगदा करायचा, द्रावकात अर्क काढायचा, मग तो यंत्रात सोडायचा. युरोपात अनेक रसायनांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच मुभा असते. म्हणजे दहा टनांच्या ट्रकभर मालात मिळून एक दशांश ग्रॅम! तरी यंत्र विचाराल तेवढंच सांगतं. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे अडकली, कारण ते तपासणीच्या यादीतच नव्हतं.

असलं यंत्र आठवडी बाजारात कोण आणणार? तिथे कामाला येतं सोनं, तेही तोळ्यातलं नव्हे. सोन्याचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे असले की पाणी लालभडक दिसतं. ते एकमेकांना चिकटले की जांभळं-निळं होतं. सोन्याचं असं लाल पाणी फॅरेडेनं 1857 मध्येच अभ्यासलं होतं.

एका चाचणीत या पाण्याला ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराची जोड देतात. विकर आपलं काम करतं, त्यातून थायोकोलिन तयार होतं आणि कण गोळा होऊन रंग निळा होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीडनाशक असलं, तर ते विकरालाच जखडतं. थायोकोलिन होत नाही, पाणी लालच राहतं. सालीवरून ओला कापूस फिरवायचा, त्याचा अर्क घालायचा, काही मिनिटं थांबायचं.

ऐकायला सोपं, पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात विकर गाडीच्या डिकीत राहिलं तर तेच मरतं, आणि स्वच्छ केळीही लाल निकाल देते. म्हणून शेजारी अर्काऐवजी निव्वळ पाणी घातलेली एक कुपी हवीच. ती निळी झाली नाही, तर संच फेकून द्यायचा. शिवाय आंतरप्रवाही औषध गरात उतरलेलं असतं, तिथे कापूस पोचत नाही. बुरशीनाशकांपैकी बहुतेकांची तर या विकराशी ओळखच नाही.

माझ्या मते ही चाचणी निवाडा करणारी नव्हे, चाळणी आहे. आणि बाजार समितीत तेवढी तरी हवी. रंग लाल राहिला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. निळा झाला, तरी फळ धुऊनच खा.