बटण एक, पावत्या तीन : विंडोजचा प्रोग्राम गोठतो तेव्हा आत काय चालतं?



सी शार्प आणि विंडोज फॉर्म्स शिकताना पहिला महिना मजेत जातो. टूलबॉक्समधून बटण ओढायचं, फॉर्मवर टाकायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, आत चार ओळी लिहायच्या आणि प्रोग्राम चालवायचा. सगळं झटपट होतं. खरी परीक्षा सुरू होते ती तुमचा प्रोग्राम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जातो तेव्हा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका संस्थेच्या कार्यालयासाठी फी-पावतीचा प्रोग्राम केला होता. डेटाबेस दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, मधे जुनं नेटवर्क. ‘सेव्ह’ दाबलं की नोंद व्हायला आणि पावती प्रिंटरला जायला चारेक सेकंद लागायचे. एका संध्याकाळी हिशेब जुळेना. एका मुलाची फी 2,400 रुपये, पण कॉम्प्युटर म्हणतो 7,200 जमा झाले. पेटीत 4,800 कमी! काउंटरवरच्या मॅडमनी ते पैसे स्वतःच्या पर्समधून भरायची तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या नावावर एकाच मिनिटातल्या तीन पावत्या सापडल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला.

विद्यार्थ्याचा मला फोन. “सर, प्रोग्राम बरोबर आहे. मॅडमच तीनदा दाबतायत. आणि मी तर बटण डिसेबल पण केलंय.”

त्याचं डिसेबलचं म्हणणं खरं होतं. कोडच्या पहिल्या ओळीत बटण बंद केलेलं, शेवटच्या ओळीत परत चालू. तरीही तीन पावत्या कशा? आजचा पाठ या एका प्रश्नाभोवती आहे. हे नीट कळलं की खिडकी गोठणं, लेबल न बदलणं, थ्रेडचे विचित्र एरर, असे चारपाच नेहमीचे घोळ एकदम सुटतात.

खिडकी एक, कारकून एक

विंडोजमधली ‘विंडो’ म्हणजे खिडकीच ना? मग एसटी स्टँडवरची पास काढायची खिडकी डोळ्यासमोर आणा. आत एकच कारकून, बाहेर रांग. कारकून पहिल्याचं काम घेतो, संपवतो, पुढच्याला बोलावतो. एका वेळी एकच.

तुमच्या प्रोग्राममध्ये हा कारकून म्हणजे यूआय थ्रेड. रांग म्हणजे मेसेज क्यू. माउस हलला, की दाबली, खिडकी परत रंगवायची आहे, टायमरची वेळ झाली, या प्रत्येक गोष्टीचा एक मेसेज. यूआय थ्रेड एका न संपणाऱ्या लूपमध्ये मेसेज घेत राहतो आणि ज्याचं त्याला पोचवतो. विंडोज फॉर्म्समध्ये मेन फंक्शनमध्ये ‘अप्लिकेशन डॉट रन’ अशी ओळ असते बघा, तिथेच हा लूप सुरू होतो. ही रचना 1985 च्या पहिल्या विंडोजपासून चालत आलेली आहे.

आता कारकून पहिल्या माणसाचं काम करता करता स्वतः उठून मागच्या कोठारात जुनं रजिस्टर शोधायला गेला तर? खिडकी उघडी दिसते, पण आत कुणी नाही. बटणाच्या क्लिकमध्ये तुम्ही डेटाबेसचं चार सेकंदांचं काम लिहिता तेव्हा नेमकं हेच होतं. खिडकी हलत नाही, रंगत नाही, काही ऐकत नाही. पाच सेकंद कारकून रांगेकडे फिरकला नाही, की विंडोज त्या खिडकीच्या जागी तिचं एक फिकट चित्र ठेवतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं लिहितं. प्रोग्राम मेलेला नसतो बरं का, तो कोठारात असतो.

(विंडोज 3.1 च्या काळात तर एका प्रोग्रामचा कारकून उठून गेला की सगळ्याच प्रोग्रामच्या रांगा थांबायच्या. त्या मानाने आपण सुखात आहोत.)

मग डिसेबल केलेलं बटण दाबलं कसं गेलं?

आता क्रम नीट बघा. मॅडमनी पहिला क्लिक केला. कारकुनाने तो घेतला, बटण बंद केलं आणि डेटाबेसकडे गेला. मॅडमना पडद्यावर काहीच बदललेलं दिसेना. बटण राखाडीसुद्धा दिसलं नाही, कारण ते रंगवण्याचा मेसेजही रांगेतच. साहजिकच त्यांनी आणखी दोनदा दाबलं. हे दोन क्लिक कुठे गेले? हरवले नाहीत. रांगेत उभे राहिले.

चार सेकंदांनी काम संपलं. शेवटच्या ओळीने बटण परत चालू केलं. मग कारकून रांगेकडे वळला. पुढे उभा आहे दुसरा क्लिक, आणि बटण? चालू! म्हणजे ज्या वेळी बटण बंद होतं त्या वेळी क्लिक तपासायला कुणी नव्हतं, आणि तपासायची वेळ आली तेव्हा बटण उघडं होतं. दुसरी पावती, मग तिसरी. बटण डिसेबल करण्याला अर्थ आहे, पण ते बंद असताना रांग पुढे सरकत असली तरच.

म्हणून मी त्याला म्हटलं, मॅडमची काही चूक नाही. पडद्यावर काहीच हललं नाही तर माणूस परत दाबणारच. मीही दाबतो, तुम्हीही दाबता.

दोन पळवाटा

पहिली पळवाट म्हणजे ‘डू-इव्हेंट्स’. व्हिज्युअल बेसिकच्या काळापासूनचा हा उतारा अजून शिकवला जातो. मोठ्या कामाच्या मधेमधे याला बोलावलं की रांगेतले मेसेज निघतात, खिडकी जिवंत वाटते. पण कारकून काय करतोय बघा : एकाची पावती अर्धी लिहून झालीय, तेवढ्यात पुढच्याचं काम घेतोय. त्या पुढच्या माणसाने ‘सेव्ह’च दाबलं असेल, तर तुमचं फंक्शन स्वतःच्याच पोटात परत सुरू होतं. आणि त्याने खिडकी बंद करायचं चिन्ह दाबलं असेल, तर काम अर्ध्यावर आणि फॉर्म गायब. असे दोष रोज दिसत नाहीत, महिन्यातून एकदा दिसतात, म्हणून जास्त छळतात. नव्या कोडमध्ये हे वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी पळवाट ‘रिफ्रेश’. लेबलवर ‘नोंद होत आहे’ असं लिहिलं तरी ते दिसत नाही, कारण रंगवण्याचं काम विंडोज रांगेत सगळ्यात शेवटी ठेवतं. लेबलला रिफ्रेश सांगितलं की ते लगेच रंगतं. एवढ्यापुरतं ठीक आहे, पण क्लिक अजून रांगेतच आहेत. रोग तसाच राहिला.

शिपाई ठेवा, पण शिक्का कारकुनाकडेच

खरा उपाय साधा आहे. कारकुनाने खिडकी सोडायची नाही, कोठारात शिपायाला पाठवायचं. म्हणजे वेळखाऊ काम दुसऱ्या थ्रेडवर द्यायचं.

इथे विद्यार्थी उत्साहाने नवीन थ्रेड काढतात आणि त्या थ्रेडमधूनच थेट टेक्स्टबॉक्समध्ये मजकूर टाकतात. लगेच एरर येतो, ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’. अर्थ असा की शिपायाने कारकुनाचा शिक्का उचलला. ज्या थ्रेडने कंट्रोल बनवला, त्याच थ्रेडने त्याला हात लावायचा, हा विंडोजचा नियम. यात एक फसवणूक आहे. ही तपासणी मुळात डीबगरमध्ये चालवताना होते. त्यामुळे काही जण ‘चेक फॉर इल्लीगल क्रॉस-थ्रेड कॉल्स’ हा गुणधर्म फॉल्स करून मोकळे होतात. एरर जातो, चूक जात नाही. मग ग्राहकाकडे कधी लिस्ट अर्धी दिसते, कधी प्रोग्राम बंद पडतो, आणि तुमच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं व्यवस्थित!

शिपायाला काही सांगायचं असेल तर त्याने चिठ्ठी रांगेत द्यायची. ‘इन्व्होक’ आणि ‘बिगिन-इन्व्होक’ हेच करतात. पहिल्यात शिपाई उत्तर मिळेपर्यंत थांबतो, दुसऱ्यात चिठ्ठी टाकून पुढे जातो.

हे सगळं हाताने लिहिणं कटकटीचं होतं. 2005 च्या सुमारास ‘बॅकग्राउंड-वर्कर’ आला, आणि 2012 मध्ये सी शार्प 5 बरोबर ‘असिंक’ आणि ‘अवेट’ आले. आज नव्याने लिहिताना मी हीच जोडी वापरायला सांगतो. आपल्या सेव्ह बटणाचा क्रम असा लिहा. क्लिकच्या फंक्शनला असिंक करा. आधी टेक्स्टबॉक्समधल्या किमती साध्या व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवा, म्हणजे शिपायाला कंट्रोलला हात लावायची वेळच येणार नाही. बटण बंद करा. मग ‘ट्राय’मध्ये नोंदीचं काम अवेट करा. डेटाबेसच्या लायब्ररीत असिंक फंक्शन असेल तर ते, नसेल तर ‘टास्क डॉट रन’मध्ये गुंडाळून. चूक झाली तर ‘कॅच’मध्ये वापरणाऱ्याला कळेल असा संदेश दाखवा. बटण परत चालू करायची ओळ ‘फायनली’मध्ये, नाहीतर एकदा नेटवर्क तुटलं की बटण कायमचं बंद राहील.

अवेटची गंमत अशी, की त्या ओळीवर कारकून अडकून बसत नाही. “काम झालं की मला इथून पुढे बोलवा” अशी खूण ठेवून तो रांगेकडे परततो. मॅडमचे जादा क्लिक आले, तर तो ते तिथल्या तिथे बघतो, बटण बंद आहे म्हणून सोडून देतो. काम झाल्यावर उरलेल्या ओळी पुन्हा यूआय थ्रेडवरच चालतात, त्यामुळे लेबल बदलायला इन्व्होक लागत नाही.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. अवेट लिहायचा कंटाळा म्हणून यूआय थ्रेडवर टास्कच्या पुढे ‘डॉट रिझल्ट’ किंवा ‘डॉट वेट’ लावू नका. कारकून म्हणतो, शिपाई आल्याशिवाय मी रांगेकडे बघणार नाही. शिपाई येतो, पण हातात चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहतो. आता दोघेही एकमेकांची वाट बघत बसले, प्रोग्राम कायमचा गोठला. यालाच डेडलॉक म्हणतात. आमच्या लॅबमध्ये दरवर्षी कुणीतरी हा करतोच, आणि दोष डेटाबेसला देतो.

शिपायाने फार चिठ्ठ्या टाकल्या तर

दहा हजार ओळी वाचताना प्रत्येक ओळीला ‘इतक्या झाल्या’ अशी चिठ्ठी रांगेत टाकली, तर कारकून चिठ्ठ्यांमध्येच बुडतो आणि थ्रेड वेगळा असूनही खिडकी परत गोठते. शंभर ओळींनी एकदा सांगा, डोळ्यांना तेवढं पुरतं. प्रगती कळवायला ‘प्रोग्रेस’ नावाचा तयार क्लास आहे, फक्त त्याचा ऑब्जेक्ट यूआय थ्रेडवर बनवा. लिस्टमध्ये भरपूर ओळी भरायच्या असतील तर आधी ‘बिगिन-अपडेट’, शेवटी ‘एंड-अपडेट’ म्हणा, म्हणजे प्रत्येक ओळीला रंगकाम होणार नाही.

अवेट चालू असताना खिडकी जिवंत असते, म्हणजे ती बंदही करता येते, हे विसरू नका. काम चालू असल्याची एक खूण ठेवा आणि ‘फॉर्म-क्लोजिंग’मध्ये ती बघून बंद करणं तात्पुरतं नाकारा.

आणि पैशांचा मामला असेल तर एकट्या बटणावर विसंबू नका. मॅडमचा कॉम्प्युटर मधेच बंद पडला, त्यांनी परत सुरू करून तीच पावती परत भरली तर बटण काय करणार? विद्यार्थ्याला मी डेटाबेसच्या टेबलातही एक अट घालायला लावली. नवी पावती उघडतानाच तिला एक वेगळा क्रमांक द्यायचा, तो अर्धवट पावतीसकट जपून ठेवायचा आणि त्या कॉलमला ‘युनिक’ करायचं. मग तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस स्वतःच नकार देतो.

त्या दोन जादा पावत्या रद्द झाल्या, मॅडमना पर्स उघडावी लागली नाही. विद्यार्थ्याने दोन दिवसांत कोड बदलला. पावतीला अजूनही चार सेकंदच लागतात, पण आता बटण राखाडी होतं, शेजारी ‘नोंद होत आहे’ असं दिसतं आणि मॅडम तेवढ्यात सुट्टे पैसे मोजतात.

घरी करून बघा

एका फॉर्मवर एक बटण आणि एक लेबल ठेवा. बटणाच्या क्लिकमध्ये आधी बटण बंद करा, मग ‘थ्रेड डॉट स्लीप’ने 4000 मिलिसेकंद थांबा, लेबलवरचा आकडा एकने वाढवा, बटण चालू करा. प्रोग्राम चालवून भराभर तीनदा क्लिक करा आणि आकडा कितीवर जातो ते वहीत लिहा. आता फंक्शन असिंक करून स्लीपच्या जागी ‘अवेट टास्क डॉट डिले’ 4000 ठेवा. परत तीनदा क्लिक करा. दोन्ही आकडे आणि त्यामागचं कारण आपल्या शब्दांत लिहून पुढच्या तासाला घेऊन या.