स्पीकरची जोडी घेताना आधी खोली मोजा

कापडाच्या धंद्यात जुना नियम आहे: दुकानातल्या दिव्याखाली कापड पसंत करू नये, ठाण बाहेर उजेडात नेऊन पाहावे. घरासाठी लाखांच्या घरातली स्पीकरची जोडी घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. दुकानात ऐकलेला आवाज घरी तसाच येत नाही, कारण आवाज जितका स्पीकरचा तितकाच खोलीचाही असतो.

माझ्या एका नातलगाने एका दुकानात दोन जोड्या ऐकल्या आणि जी जास्त दणदणीत वाजली ती उचलली. घरी दहा बाय बाराच्या खोलीत, दोन कोपऱ्यांत ती मांडली. झाले असे, की गझलेचे शब्द तबल्याच्या घुमाऱ्यात बुडून गेले. माल खोटा नव्हता, निवड चुकली होती.

जगातल्या तीन नामवंत जोड्या पाहिल्या म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

पहिली, बी.बी.सी.ने १९७०च्या दशकात तयार केलेली एल.एस. ३/५ ए. प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेत, जवळ बसून ऐकण्यासाठी ती बनवली. उंची जेमतेम फूटभर. माणसाचा गळा ती इतका स्वच्छ दाखवते की गायकाचा श्वासही कळतो. पण डग्ग्याचा खोल नाद तिच्यात पुरा उतरत नाही.

दुसरी, अमेरिकेच्या पॉल क्लिप्श यांची १९४६ सालची क्लिप्शहॉर्न. उंची चार फुटांहून अधिक. ती कोपऱ्यातच ठेवायची असते, कारण भिंती हाच तिच्या भोंग्याचा पुढचा भाग. खोली लहान किंवा कोपरे दारांनी अडलेले असतील तर ती आपल्या कामाची नाही.

तिसरी, इंग्लंडच्या पीटर वॉकर यांची १९५७ सालची क्वाड. हिच्यात कागदी कोन नाही, पेटी नाही. विजेच्या दाबाने हलणारा पातळ पडदा आहे. आवाज पुढे जातो तसा मागेही जातो, म्हणून मागे मोकळी जागा लागते. फार ताकदीचा अँप्लिफायर जोडला तर पडदा निकामी होऊ शकतो.

तिन्ही उत्तम, पण तिन्हींचे घर वेगळे.

आता थोडा हिशेब. स्पीकरच्या कागदावर डेसिबलचा आकडा असतो. ठराविक वीज दिली असता एक मीटरवर किती मोठा आवाज येतो, ते त्यावरून कळते. हा आकडा ३ ने कमी झाला की तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट ताकद लागते. २० ने कमी झाला की शंभरपट. बी.बी.सी.ची जोडी आणि क्लिप्शहॉर्न यांच्यात अंतर साधारण एवढेच आहे. म्हणून घरातला अँप्लिफायर किती वॅटचा आहे आणि किती ओहमच्या स्पीकरला चालतो, हे लिहून नेल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

दुसरी सावधगिरी कानाची. दोन जोड्यांपैकी एक किंचित मोठ्याने वाजली की कानाला तीच सरस वाटते. विक्रेत्याला सांगून दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. आपली रोजची ओळखीची गाणी सोबत न्यावीत. दुकानदाराची निवडक गाणी त्याच्या मालाला शोभणारीच असतात. घाई करू नये, अर्धा तास तरी बसून ऐकावे आणि जमल्यास जोडी एक दिवस घरी मागावी.

घरी आणल्यावर स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढून पाहावेत. कोपऱ्यात घुमारा वाढतो, पुढे आणल्यावर शब्द मोकळे होतात. गालिचा आणि जाड पडदा तीव्र स्वरांचा खणखणाट शोषतात, खोल घुमाऱ्याला मात्र ते पुरे पडत नाहीत. हे मी पडदे विकणारा असूनही सांगतो.

जुनी जोडी घेणाऱ्याने पुढची जाळी काढून कोनाची कड बोटाने हलकेच दाबावी. फोमची कड वर्षांनुवर्षांत कुजते. ती बदलणारे चांगले कारागीर मिळतात, पण तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्यावा.

महाग जोडी म्हणजे आपली जोडी नव्हे. अंगरखा कितीही भारी असो, मापाचा नसेल तर पेटीतच पडून राहतो.