मुलाखतीत पगार किती सांगावा?

चारचौघांत कोणाचा पगार विचारू नये आणि आपला सांगू नये, ही शिकवण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पक्की असते. शिकवण चांगलीच आहे. पण पीथमपूरच्या कारखान्यात किंवा सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत मुलाखतीला बसल्यावर पगाराची अपेक्षा विचारली जाते, तेव्हा हीच शिकवण आड येते. आपली मुले मान खाली घालून म्हणतात, "सर, आप जो ठीक समझें."

मी बरीच वर्षे एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात काढली. टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगतो. प्रत्येक जागेसाठी आम्हाला वरची-खालची मर्यादा दिलेली असे. एकदा एकाच पदासाठी दोघांची निवड झाली. मर्यादा होती २८ ते ३६ हजार. मुलाने ३५ मागितले, ३४ वर ठरले. मुलगी आपल्याच समाजातली, कामात त्याच्यापेक्षा सरस. ती म्हणाली, "तुम्ही द्याल ते." तिच्या कागदावर २८ हा आकडा मीच लिहिला. नियमाप्रमाणे त्यात चूक काही नव्हती, पण तो आकडा मला आजही बोचतो.

कारण हे नुकसान एका महिन्याचे नसते. पगारवाढ टक्क्यांत मिळते. दोघांना दरवर्षी सारखीच १० टक्के वाढ मिळाली तरी ६,००० रुपयांचा फरक पाचव्या वाढीनंतर ९,६०० च्या पुढे जातो. पुढची कंपनीही जुन्या पगारावरूनच नवा ठरवू पाहते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

आधी सीटीसी समजून घ्या

कंपनी सांगते तो आकडा बहुधा सीटीसीचा असतो, म्हणजे तुमच्यावर वर्षभरात होणारा कंपनीचा एकूण खर्च. तो हातात येणारा पगार नव्हे. सहा लाखांचे एक उदाहरण पाहू. यात मूळ पगार महिना २५,००० धरला आहे.

- कंपनीचा पीएफचा वाटा, मूळ पगाराच्या १२ टक्के : वर्षाला ३६,०००
- ग्रॅच्युइटीची तरतूद, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के : १४,४३०
- कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम (व्हेरिएबल) : ६०,०००
- आरोग्य विम्याचा हप्ता : ९,५७०

हे वजा जाता उरतात ४,८०,०००, म्हणजे महिना ४०,०००. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ३,००० आणि मध्य प्रदेशातला व्यवसाय कर साधारण २०८ रुपये कापला की हातात येतात ३६,८०० च्या आसपास. सहा लाखांना बाराने भागून ५०,००० चे बेत केलेले घर इथेच फसते.

पीएफचे पैसे तुमचेच असतात, ते साठत राहतात. ग्रॅच्युइटी मात्र कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते. व्हेरिएबलची खात्री नसते. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना नुसते सीटीसी पाहू नका, दर महिन्याला खात्रीने हातात किती येणार ते पाहा.

आपला आकडा कसा ठरवावा

मुलाखतीला जाण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, ज्याच्या खाली नोकरी परवडणार नाही तो. पुण्याला जायचे असेल तर भाडे, घरमालकाची अनामत रक्कम, डबा आणि इंदूरच्या फेऱ्या यात धरा. इथे घरी राहून पुरणारा पगार हिंजवडीत पुरेलच असे नाही. दुसरा आकडा बाजाराचा : त्याच शहरात, तेवढ्याच अनुभवाला काय मिळते ते दोन-तीन ओळखीच्यांना विचारा. मंडळात असे लोक सहज भेटतात. तिसरा आकडा मागायचा, तो बाजारभावापेक्षा थोडा वर ठेवा, म्हणजे खाली यायला जागा राहते. पहिला आकडा मात्र कोणालाही सांगू नका.

बोलावे कसे

सुरुवातीलाच विचारले तर म्हणावे, "कामाची जबाबदारी नीट समजली की सांगतो. या पदासाठी आपण काय ठरवले आहे ते कळले तर बरे होईल." पुन्हा विचारले तर टाळू नये. आकडा सांगावा, एका वाक्यात कारण द्यावे आणि गप्प बसावे. समोरचा विचार करत असताना घाबरून आपणच आकडा खाली आणणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. कारण कामाचे द्यावे, गृहकर्जाचे किंवा बहिणीच्या लग्नाचे नको.

आताचा पगार फुगवून सांगू नका. कंपन्या मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात आणि खोटे उघडे पडले तर हातातली नोकरी जाते.

आकडा पुढे सरकत नसेल तर बाकीचे विचारा : सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल का, व्हेरिएबल किती कमी करता येईल, नोटीस किती महिन्यांची, बाँड आहे का. ठरलेले सगळे ऑफर लेटरमध्ये आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. कॉलेजमधून मिळणाऱ्या पहिल्या नोकरीत पगार बहुधा ठरलेलाच असतो. तिथे ओढाताण करू नये, पण बाँड आणि हातात येणारी रक्कम जरूर विचारावी.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी रात्री जेवणानंतर मुलाला किंवा मुलीला समोर बसवून हाच प्रश्न विचारा. आकडा घरी एकदा मोठ्याने म्हटलेला असला की तिथे जीभ अडखळत नाही. मुलींच्या घरी तर हे नक्की करा. "मिळते आहे तेवढे घे" हे वाक्य त्यांना मुलांपेक्षा जास्त वेळा ऐकावे लागते, हे मी टेबलाच्या पलीकडून पाहिले आहे.