गाडी बदलताना मुंबई : चार तासांत फोर्ट

विदर्भ-मराठवाड्यातून कोकणात किंवा गोव्याला निघालेल्या अनेकांना मुंबईत गाडी बदलावी लागते. परदेशातून आलेले प्रवासी इथे उतरून नागपूरचे किंवा छत्रपती संभाजीनगरचे विमान पकडतात. दोन्ही प्रवासांच्या मध्ये पाच-सहा तास हाताशी उरतात आणि बहुतेकदा ते प्रतीक्षालयातल्या खुर्चीवरच संपतात. एवढ्या वेळात अख्खी मुंबई पाहता येत नाही. पण दक्षिण मुंबईतला फोर्ट हा भाग चार तासांत पायी, निवांतपणे पाहून होतो. इमारती शेजारी शेजारी, रस्ते सपाट आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली दोन स्थळे एकाच फेरीत.

सगळे जवळजवळ का?

हा भाग इतका आटोपशीर असण्यामागे इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इथे तटबंदीच्या आत वसलेले शहर होते. १८६०च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडला गेला आणि मोक्याची जमीन मोकळी झाली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा ओघ सुरू झाला. जमीन आणि पैसा एकाच वेळी हाती आल्याने पुढच्या दोन-तीन दशकांत न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालय, रेल्वे स्थानक, महापालिका अशा इमारती एकामागून एक, एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर उभ्या राहिल्या. आजच्या घाईतल्या प्रवाशाला याचाच फायदा होतो.

आधी वेळेचा हिशेब

फिरायला किती वेळ आहे हे पुढच्या गाडीच्या वेळेपासून मागे मोजत यावे. गाडी सकाळी दहाला पोहोचणार आणि पुढची दुपारी चारला सुटणार, तर कागदावर सहा तास दिसतात. गाडीला होणारा उशीर आणि सामान ठेवणे यांसाठी पाऊण तास, सुटण्याआधी स्थानकावर परत येण्यासाठी एक तास आणि जेवणासाठी अर्धा तास वजा केला, की खरे तास पावणेचारच उरतात. पुढची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून (सीएसएमटी) न सुटता दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस किंवा पनवेलहून सुटत असेल, तर तिथवरच्या लोकलचा वेळही यातून कमी करावा लागतो. तिकिटावर स्थानकाचे नाव नीट पाहणे म्हणूनच पहिले काम.

विमानाने आलेल्यांसाठी मेट्रो-३ मुळे गणित बदलले आहे. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलजवळ तिची स्थानके आहेत आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही फोर्टची स्थानकेही तिच्यावरच आहेत. रस्त्यावरच्या कोंडीत टॅक्सीला नेमका किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. मेट्रोने सुमारे पाऊण तासाचा प्रवास गृहीत धरता येतो. मात्र परदेशातून येणाऱ्याला इमिग्रेशन आटोपून, सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर पडावे लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा चेक-इन करावे लागते. दोन विमानांत सहा-सात तासांहून कमी अंतर असेल तर विमानतळ न सोडलेलाच बरा.

सामान घेऊन फिरण्यात अर्थ नाही. सीएसएमटीवर क्लोकरूम आहे. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगांना कुलूप असावे लागते. पैसे, दागिने, औषधे आणि ओळखपत्र मात्र जवळच ठेवावे.

स्थानक हेच पहिले स्थळ

सीएसएमटीतून बाहेर पडून रस्ता ओलांडावा आणि समोरून इमारत पाहावी. वास्तुरचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि दहा वर्षांत ते पूर्ण झाले. २००४ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. घुमटाच्या टोकावर उभी असलेली स्त्रीमूर्ती ‘प्रगती’ची आहे, तिच्या उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेला दिसतो. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. घड्याळाच्या खालचा कोनाडा रिकामा आहे. तिथला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवण्यात आला. दर्शनी भिंतीवरच्या गोलाकार शिल्पांत रेल्वे कंपनीशी संबंधित व्यक्तींचे चेहरे कोरलेले आहेत. त्यांत सर जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट हे दोन भारतीय आहेत. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नानांनी केलेल्या खटपटीची ही दगडातली नोंद आहे. पाने-फुले आणि पशुपक्ष्यांचे बरेचसे कोरीवकाम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलेले आहे.

समोरचे महापालिकेचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच, १८९३ मध्ये पूर्ण झालेले. पुढ्यात फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे.

हुतात्मा चौक ते एशियाटिक

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाने दक्षिणेकडे निघावे. दोन्ही बाजूंच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींचे सलग ओटे आहेत, त्यामुळे ऊन-पावसातही चालता येते. दहा-बारा मिनिटांत हुतात्मा चौक लागतो. १८६४ मधले फ्लोरा फाउंटन जिथे आहे तिथे पूर्वी तटाचा दरवाजा होता. आत सेंट थॉमस चर्चकडे जाणारा म्हणून तो ‘चर्च गेट’. कारंज्याशेजारी मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराचे स्मारक आहे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे हे स्मारक; मराठी माणसाने इथे पाच मिनिटे थांबावेच.

डावीकडे वळले की १७१८ मध्ये खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल येते. जुन्या मुंबईतले मैलांचे दगड इथपासूनचे अंतर मोजून रोवलेले होते. पुढे हॉर्निमन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये हद्दपार केले होते, त्यांचे नाव या बागेला दिलेले आहे. बागेसमोर उंच पायऱ्यांचा आणि पांढऱ्या खांबांचा टाऊन हॉल आहे. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. फक्त दोन तास मिळालेल्या प्रवाशाने इथूनच सीएसएमटीकडे परतावे. एवढी फेरीही पुरेशी भरगच्च होते.

काळा घोडा आणि गेटवे

वेळ असेल तर दक्षिणेला काळा घोडा गाठावा. १८७० मधले डेव्हिड ससून ग्रंथालय, निळ्या रंगाचे १८८४ मधले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि १९५२ पासूनचे जहांगीर कलादालन इथे आहेत. कलादालनात प्रवेश विनामूल्य असतो. जवळची एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडला होता. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच वास्तूत. शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मोहात पाडते, पण त्याला किमान दोन तास हवेत. तिथे जायचे तर बाकी फेरी सोडायची तयारी ठेवावी.

गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी उद्घाटन झाले. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, दगड पिवळसर बेसॉल्ट. ब्रिटिश राजाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेल्या याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी भारतातून बाहेर पडली. इथून घारापुरीला बोटी सुटतात, परंतु बोटीचा प्रवासच जाऊन-येऊन सुमारे दोन तासांचा आहे. गाडी गाठायची असेल तर तो बेत करू नये.

ओव्हलवरून परत

परतताना ओव्हल मैदानाची वाट धरावी. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ मधले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून बांधलेल्या या ८५ मीटर उंच मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. मैदानाच्या पश्चिमेला १९३०च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या, गोलसर सज्जांच्या आर्ट डेको इमारती आहेत. एका बाजूला टोकदार कमानींचे एकोणिसावे शतक, दुसऱ्या बाजूला सिमेंट-काँक्रीटचे विसावे. मधोमध क्रिकेट. हा सारा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत आला. पुढे चर्चगेटहून लोकल किंवा मेट्रो मिळते.

संपूर्ण फेरी साधारण पाच किलोमीटरची आहे. वाटेत इराणी हॉटेलातला चहा आणि ब्रुन-मस्का, नाहीतर गाडीवरचा वडापाव, यांत वेळ जात नाही आणि पोटही भरते.

दिवस, ऋतू आणि गर्दी

रविवारी कचेऱ्या बंद असल्याने फोर्टचे रस्ते मोकळे असतात आणि इमारती निवांत पाहता येतात. मात्र काही उपाहारगृहे बंद असतात आणि लोकलचा मेगाब्लॉक असतो. त्याचे वेळापत्रक आधी पाहावे. कामाच्या दिवशी सकाळी दक्षिणेकडे येणाऱ्या आणि संध्याकाळी पाचनंतर उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅगा घेऊन चढणे कठीण असते, म्हणून दादर किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून गाडी पकडायची असेल तर त्याआधीच निघावे. जून ते सप्टेंबरमध्ये जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर रुळांवर पाणी साचते. अशा दिवशी सीएसएमटीच्या आसपासच फिरावे. एप्रिल-मेमध्ये फेरी सकाळी दहाच्या आत सुरू करावी आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी.