निरोप आला, पण रोज कोण बुडवणार?

पिंप्राळा आता जळगाव महापालिकेत आहे. पण आषाढी एकादशीचा रथ निघाला की गाव पुन्हा गाव होते. पूर्वी मास्तर रस्त्यात भेटले की पोराची चौकशी उभ्या उभ्या व्हायची. आता निरोप मोबाईलवर येतो, अन् मोबाईल बहुधा पोराच्याच हाती. तक्रार ज्याची, वाचून दाखवणाराही तोच!

कायद्याने मात्र पालकाला नुसता निरोप ऐकणारा ठेवलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २१ प्रमाणे सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान पाऊण सभासद पालक अन् एकूण निम्म्या बाया. सरकारी व पालिकेच्या शाळेला आलेले अनुदान कुठे खर्च झाले, यावर नजर ठेवणे हे या समितीचेच काम. म्हणजे कपाशी निंदणारी माय हिशेब मागू शकते. केवढी मोठी गोष्ट!

पण बैठक भरदुपारी ठेवली तर ती माय येणार कशी? ती शेतात, नाहीतर डाळ मिलमध्ये. आली तर रोज बुडतो. मग रजिस्टर घरी धाडून सही घ्यायची पळवाट निघते, अन् कागदावर बैठक झालेली असते.

कलम २१ मध्ये बैठकीची वेळ लिहिलेली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तरी ती दिवेलागणीनंतर ठेवा, असे शाळेला लेखी कळवता येते. अन् रजिस्टर घरी आलेच, तर सहीआधी वरचे ठराव मोठ्याने वाचून घ्या.