ट्रेलो म्हणजे काय? ग्रुप प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करण्याची सोपी पद्धत

फायनल इयरचा प्रोजेक्ट असो की गॅदरिंगची तयारी, आपला ग्रुप व्हॉट्सॲपवरच बनतो. पण "रिपोर्ट कोण लिहितंय?" हा मेसेज मीम्सच्या खाली गाडला जातो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी करतोय. सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं, कोणीच केलेलं नाही. मग एकटा जागतो आणि मार्क सगळ्यांना मिळतात! यासाठी मी ट्रेलो वापरतो.

ट्रेलो कसं चालतं?

ट्रेलो २०११ मध्ये आलं. २०१७ पासून ते ॲटलासियन कंपनीकडे आहे. कल्पना मात्र जुनी आहे. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात कोणता पार्ट कधी हवा, हे कार्डांवरून कळायचं. त्या पद्धतीला कानबान म्हणतात. ट्रेलोतही एक बोर्ड, बोर्डवर लिस्ट आणि लिस्टमध्ये कार्डं असतात. एक कार्ड म्हणजे एक काम.

सुरुवात कशी करायची?

१. ॲप इन्स्टॉल करून गूगल अकाउंटने लॉगिन करा.
२. नवीन बोर्डवर तीन लिस्ट बनवा: 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'.
३. कामाचे छोटे तुकडे करा. नुसतं 'रिपोर्ट' नको, 'रिपोर्टचं पहिलं प्रकरण' असं लिहा.
४. प्रत्येक कार्डवर एकच मेंबर आणि ड्यू डेट टाका. दोन नावं टाकली की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.
५. काम सुरू झालं की कार्ड दाबून धरा आणि पुढच्या लिस्टमध्ये सरकवा.

हे लक्षात ठेवा

'चालू आहे'मध्ये एकाची दोनपेक्षा जास्त कार्डं नकोत. एखादं कार्ड आठवडाभर हललंच नाही, तर लगेच त्याला आळशी ठरवू नका. आमच्या ग्रुपमध्ये असं झालं, तेव्हा मित्राला सर्व्हेचा डेटाच मिळाला नव्हता आणि विचारायला तो लाजत होता. कार्ड अडलेलं दिसलं म्हणून वेळेत कळलं.

कोणी काय केलं याची नोंद कार्डवर नाव आणि वेळेसकट राहते. त्यामुळे गाईडने विचारलं, तर वाद होत नाही.

फ्री प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला १० बोर्ड आणि १० जण चालतात. प्रोजेक्टला तेवढे पुरेत. गप्पा व्हॉट्सॲपवरच मारा, पण ठरलेलं काम लगेच कार्डवर टाका. बोर्ड रोज उघडला नाही, तर ट्रेलोसुद्धा काही करू शकत नाही!