गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानांची हवाई कवायत

सुट्या भागांच्या पेट्या मागवून हौशी माणसाने स्वतः जोडलेले विमान म्हणजे किट विमान. अमेरिकेतील नियमानुसार निम्म्याहून अधिक बांधणी हौशी व्यक्तीने केलेली असावी लागते. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले विमान मराठी वाचकांना ऐकून माहीत असेल. ते मात्र किटवरून नव्हे, स्वतःच्याच आराखड्यावर उभे राहिले. किट विमानांत सर्वाधिक बोलबाला ‘आरव्ही’ मालिकेचा. ऑरेगनमधील रिचर्ड व्हॅनग्रनस्व्हेन यांनी १९७३ मध्ये ती बनवणारी ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही कंपनी काढली आणि तिची ११,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि हजारो रिव्हेट. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याची त्यात सहज काही वर्षे जातात.

१९९५ मध्ये आलेले ‘आरव्ही-८’ कसरतींसाठी विशेष पसंत केले जाते. दोन आसने एकामागे एक असल्याने वैमानिक नेमका मध्यरेषेवर बसतो. वजन सुमारे ७२५ किलोच्या आत ठेवले, तर गुरुत्वाच्या सहापट भार त्याची रचना पेलते. ब्रिटनमधील ‘टीम रेव्हन’ हा चमू याच विमानांतून प्रदर्शने करतो.

जेट विमानांच्या तुलनेत या विमानांचे लूप, म्हणजे उभ्या वर्तुळातील फेऱ्या, लहान असतात. ते प्रेक्षकांच्या नजरेच्या टप्प्यातच पूर्ण होतात आणि डोळ्यांना अधिक सुखावतात. पण येथे इंजिनाची ताकद बेताची. उंची मिळवायची ती बहुतांशी आधी साठवलेल्या वेगातून. म्हणून चमू एकत्र उडताना लीडर, म्हणजे सर्वांत पुढचा वैमानिक, पूर्ण ताकद कधीच वापरत नाही. त्याने वापरली, तर मागच्यांकडे अंतर भरून काढायला काही उरणार नाही. त्यातच मागची विमाने लीडरने ढवळलेली हवा टाळण्यासाठी किंचित खाली राहतात. लूपमध्ये ती त्यामुळे बाहेरच्या, मोठ्या वर्तुळावर येतात आणि त्यांनाच जास्त जोर लावावा लागतो. विंगमनची, म्हणजे मागच्या वैमानिकाची, नजर क्षितिजावर नसते. लीडरच्या विमानावरील दोन ठरावीक खुणा एका रेषेत दिसत राहिल्या की तो जागेवर आहे, एवढेच तो पाहतो. आकाश खाली गेले की वर, याची काळजी लीडरने करायची.

खरी पंचाईत निराळीच. कारखान्यातून आलेली विमाने एकसारखी असतात. घरी बांधलेल्या विमानात मात्र मालकाची आवड उतरलेली असते. कोणी बदलत्या कोनाच्या पात्यांचा पंखा लावतो, कोणी स्थिर पात्यांचा. इंजिनाचा जोर कमी करताच पहिल्या प्रकारचा पंखा ब्रेकसारखा काम करतो, दुसरा तितके अडवत नाही. असे दोघे शेजारी उडत असतील, तर त्या क्षणी स्थिर पात्यांच्या पंख्याचे विमान आपोआप पुढे सरकते. अशी विमाने एका रांगेत ठेवणे हेच या चमूंचे कसब, आणि प्रेक्षकांना ते दिसत नाही.

साध्या इंजिनाला विमान उलटे असताना तेल मिळत नाही. त्यामुळे भर असतो तो लूप आणि बॅरल रोलवर (मळसूत्री वाटेने घेतलेल्या गिरकीवर), कारण नीट केल्यास त्यांत वैमानिकाचे वजन आसनावरच राहते. अमेरिकन वैमानिक बॉब हूवर बॅरल रोल करता करता पेल्यात चहा ओतून दाखवत, ते याच तत्त्वावर. मागे उमटणारा पांढरा धूर म्हणजे तापलेल्या एक्झॉस्टमध्ये सोडलेल्या हलक्या तेलाची वाफ.

सराव खूप उंचावर सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने खाली येतो. प्रत्येकाने किती उंचीपर्यंत उतरायचे, हे त्याच्या परवान्यात नमूद असते. २०१५ मध्ये इंग्लंडमधील शोरम येथे हॉकर हंटर हे जुने लढाऊ जेट लूप पूर्ण करताना रस्त्यावर कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला, आणि ब्रिटनमध्ये हवाई प्रदर्शनांचे नियम कडक झाले. त्या विमानाचा गॅरेजमधल्या विमानांशी काही संबंध नव्हता. नवे नियम मात्र त्यांनाही लागू झाले.